रिकाम्या गाडीच्या मागे धुळ्यापर्यंत

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान राज्याची हद्द तरी ओलांडलेली असावी, असं मला वाटतं. मी जळगावहून धुळ्याला गेलो आणि परत आलो. एवढ्या प्रवासाला आमच्याकडे कोणी पिशवीत दुसरा शर्टसुद्धा घेत नाही. कॉलेजच्या अंकासाठी लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. एक तर मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराबाहेर काही लिहिणारा मीच पहिला. दुसरं म्हणजे, या प्रवासात एका माणसाचा उजवा हात मोडला, आणि तो हात पुन्हा कामाला येणार की नाही हे कळेपर्यंत माझ्याकडून पेन उचलला जात नव्हता. आता लिहितो आहे. चुकलं तर वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावं.

जळगाव

पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून मृणालमॅडम आमच्या कॉलेजात आल्या होत्या. चालकाशिवाय चालणाऱ्या गाड्या रस्त्यावरच्या माणसांशी कशा बोलतील, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आधी मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मग त्यांनी वर्गात विचारलं, "तुम्ही रस्ता ओलांडताना गाडीकडे बघता की ड्रायव्हरकडे?" आम्ही सगळे म्हणालो, ड्रायव्हरकडे. तो मान हलवतो, हात करतो, नाहीतर डोळे वटारतो, आणि आपल्याला कळतं. "आता सीटवर कोणीच नसेल तर?" मॅडम म्हणाल्या.

त्यांना सोबत अहिराणी बोलणारा एक मुलगा हवा होता. रस्त्यावर लोकांशी बोलून त्यांना काय वाटलं ते विचारायचं होतं. माझं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. घरी आम्ही अहिराणीच बोलतो, पण कॉलेजात आल्यापासून ती मी जपून लपवली होती. हात वर करावा की नाही असं करत मी तो अर्धाच वर केला. तेवढा मॅडमना पुरला.

गाडी पाहून माझी थोडी निराशा झाली. ती खरी बिनचालकाची नव्हतीच. तशी फक्त दिसत होती. चालकाच्या सीटसारखं दिसणारं, अंगावर चढवायचं एक मोठं कव्हर शिवलेलं होतं आणि त्याच्या आत भिकनभाऊ बसायचे. भिकनभाऊंची जळगावात वर्षानुवर्षं काळीपिवळी आहे. डोकं टेकण्याच्या जागी काळी जाळी होती, तिच्यातून ते बाहेर पाहायचे आणि स्टिअरिंग खालून धरायचे. बाहेरून बघणाऱ्याला सीट रिकामी दिसायची. परदेशातही असे प्रयोग असेच करतात, म्हणजे खरी गाडी बनण्याआधी माणसं कशी वागतील ते कळतं, असं मॅडमनी समजावलं. पोलिसांची परवानगी होती, वेग सायकलपेक्षा थोडा जास्त, आणि प्रयोगाच्या जागा ठरलेल्या.

बोलण्याचं काम दिव्यांचं होतं. गाडी चालत असताना काचेखालची पट्टी स्थिर उजळलेली राहायची. कोणासाठी थांबली की पुढचे दिवे आपोआप दोनदा लुकलुकायचे. त्याचा अर्थ, "तुम्हाला पाहिलं, मी थांबले आहे, तुम्ही जा." ही भाषा बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांवरून घेतलेली होती. वाचणाऱ्यांच्या इथेच काही लक्षात आलं असेल, तर ते आम्हा सगळ्यांपेक्षा हुशार आहेत.

पहिली फेरी कॉलेजच्या आवारात झाली. फाटकावरच्या वॉचमनने गाडी अडवली, खिडकीत वाकून पाहिलं, सीट रिकामी दिसली, तरी म्हणाला, "पास दाखवा." कव्हरच्या आत भिकनभाऊंना हसू आवरेना आणि सीट गदगदू लागली. वॉचमन दोन पावलं मागे सरकला आणि त्याने फाटक उघडून दिलं.

एरंडोल

रिकामी दिसणारी गाडी पुढे आणि मागे मॅडमची गाडी, असे आम्ही निघालो. मोठ्या रस्त्यावर भिकनभाऊ कव्हरातून डोकं बाहेर काढून चालवायचे आणि प्रयोगाची जागा आली की आत शिरायचे. मागची गाडी मॅडम स्वतः चालवत होत्या. पाळधीच्या पुढे एक ट्रॅक्टर आडवा येऊ लागला, तेव्हा त्यांनी फटाफट डिपर मारला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. मी कौतुकाने पाहिलं. मला अजून सायकलशिवाय काही चालवता येत नाही.

एरंडोलला बाजाराजवळ पहिली खरी परीक्षा होती. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी आली. तिने गाडीकडे न पाहताच तळहात पुढे केला आणि सरळ रस्त्यात उतरली. भिकनभाऊंनी ब्रेक मारला, दिवे लुकलुकले, पण तिने ते पाहिलेच नाहीत. मी धावत तिच्याजवळ गेलो. घरच्या भाषेत बोलताना आधी जीभ अडखळली.

"अक्का, त्या गाडीमा कोनीच नई व्हतं, देखं का तुम्ही?"

"मी कशाले देखू? मी हात करस अनी निंघस. थांबानं काम त्यानं शे."

"पन मधमा कोनी नसनं तर?"

तिने पाटी सावरून माझ्याकडे नीट पाहिलं. "मधमा कोनी नसनं तर गाडी चालनी कशी? कॉलेजमा जास ना तू?"

मॅडमना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून खूप हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या की हात ओळखायला गाडीला शिकवावं लागेल. आमच्या गावीही असंच आहे. एसटीपुढे हात केला की ती थांबणार, हे मूल चालायला लागतं तेव्हापासून गृहीत धरतं. त्या हाताला विनंती म्हणावं की हुकूम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारी एका ढाब्यावर शेवभाजी घेतली. पहिल्या घासाला मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. भिकनभाऊ म्हणाले, "मॅडम, हाई तं बारका पोरेसनी भाजी शे. तिखट अजून आठे येलच नई." खरं तिखट अजून पुढेच होतं, तरी मॅडमनी दह्याची वाटी मागवली आणि हार न मानता भाजी संपवली.

अमळनेर

अमळनेरला आमची फजिती झाली. शाळा सुटण्याची वेळ होती आणि सायकलवाल्या मुलींचा एक घोळका रस्ता ओलांडायला उभा होता. गाडी नेमकी थांबली आणि दिवे लुकलुकले. मुली जागच्या हलल्या नाहीत. गाडीही थांबलेली. पुन्हा लुकलुक. मुली आणखी एक पाऊल मागे. मागे रिक्षा, त्यामागे कापसाच्या गाठींचा टेम्पो, त्यामागे एसटी. सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले. शेवटी रिक्षावाला उतरून पुढे आला आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "आरे, जा ना भो! का आरती करू तुनी?" मग त्याने आत डोकावलं. सीट रिकामी पाहून त्याने बॉनेटवरचा हात असा काढून घेतला, जसा तव्यावरून काढावा.

मुलींना मी विचारलं, पुढे का नाही आलात? त्या एकमेकींकडे पाहून लाजल्या. एक म्हणाली, "भीती वाटली." मॅडमनी लिहून घेतलं की रिकाम्या सीटची भीती. आम्हाला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

मुक्काम भिकनभाऊंच्या बहिणीकडे होता. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत आणि वर कच्चं तेल वाढलं. पुण्याच्या मॅडम जमिनीवर मांडी घालून भाकरी कशी खातील याची मला उगाच काळजी होती. त्यांनी तिसरी मागितली तेव्हा मला फार बरं वाटलं. जेवता जेवता भिकनभाऊंनी आपलं काम समजावलं.

बहीण म्हणाली, "तू मधमा बसेल शे, मंग ती बिनड्रायव्हरनी गाडी कशी?"

"मी शे, अक्का, पन कोनले दिसत नई."

"मंग तू देव व्हयना का?" ती म्हणाली. "देव व्हयना शे, तं उद्याथीन भाकर मांगू नको."

दोंडाईचा

बेटावद, नरडाण्यावरून दोंडाईच्याकडे जाताना मोकळ्या जागांवर मिरच्या वाळत घातलेल्या दिसू लागल्या. लांबून लाल सतरंज्या अंथरल्यासारखं वाटतं. आमच्या डोंगराकडे कोरडवाहू शेतात ज्वारी, तूर आणि रानातला मोह, एवढंच. एवढा लाल रंग एकत्र मी पाहिला नव्हता. मॅडमनी गाडी थांबवून फोटो काढले आणि काच उघडी राहिल्याने आम्ही पुढचा बराच रस्ता खोकत काढला.

खरी गंमत बाजारात झाली. आमची रिकामी गाडी एका मिरचीच्या आडतीसमोर थांबली. हमालांनी पोती खाली ठेवली आणि गोल करून उभे राहिले. एकाने काचेला नाक लावलं. आत कोणी नाही, सगळीकडे शांतता, आणि तेवढ्यात सीटने मोठ्याने शिंक दिली.

"आरे, गाडी शिंकनी!"

"मिरच्या तिले बी लागन्यात!"

आत भिकनभाऊंनी आणखी चार शिंका दिल्या. पोत्यावर बसलेले एक आबा म्हणाले, "तिले पानी पाजा रे." कोणीतरी खरोखर तांब्या भरून आणला. मग मॅडमनी सगळ्यांना खरं सांगितलं, भिकनभाऊ घामाघूम होऊन बाहेर आले आणि तो तांब्या त्यांनीच रिकामा केला. त्या दिवशी एवढं हसलो की संध्याकाळच्या गोष्टीसाठी मनाची तयारी नव्हती.

संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर शेवटची एक फेरी होती. समोरून एक म्हातारे गृहस्थ सायकलवर येत होते. मागच्या कॅरिअरला एक लांब लाकडी कमान बांधलेली होती. ते पिंजारी होते, कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. त्यांचं नाव कासमचाचा, हे नंतर कळलं. गाद्या आता बहुतेक मशीनवर होतात. पण खेड्यांत अजून काही घरं अशी आहेत, जिथे घरचा कापूस दारात, डोळ्यांसमोर पिंजून घेतात. दुकानात दिला तर आपला चांगला कापूस बदलून जुना भरतील अशी शंका असते. अशा घरांवरच चाचांचं चालायचं.

ते रस्ता ओलांडायला वळले आणि निम्म्यात आले. भिकनभाऊंनी गाडी वेळेत थांबवली, चांगलं अंतर ठेवून. मी मागच्या गाडीतून पाहत होतो आणि मला हायसं वाटलं. मग दिवे लुकलुकले. चाचा दचकले. त्यांनी घाईने सायकल मागे वळवली, कमान आडवी फिरली, तोल गेला, आणि ते उजव्या हातावर पडले.

गाडीने त्यांना शिवलंही नव्हतं. आम्ही धावलो. भिकनभाऊ आमच्याही आधी पोचले, पण कव्हर काढायला वेळ नसल्याने ते कव्हरासकटच धावले. जमिनीवर पडलेल्या चाचांनी एक सीट आपल्याकडे पळत येताना पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

धुळे

चाचांना आम्ही धुळ्याला नेलं. वाटेभर मी त्यांचा हात माझ्या पिशवीवर टेकवून धरला होता. मनगट सुजून वेगळ्याच आकाराचं झालं होतं. ते ओरडले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "कमान टूटी तो नहीं?" मी म्हणालो, नाही, मागच्या गाडीत आहे. मग ते जरा सैल बसले.

दवाखान्यात फोटो काढला. मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं की हाड सांधेल, पण या वयात मनगट कधी कधी आखडतं. मूठ पहिल्यासारखी वळेल की नाही, ते प्लास्टर निघाल्यावरच कळेल. कमान डाव्या हातात धरायची असते आणि उजव्या हाताने तिच्या ताणलेल्या दोरीवर लाकडी दस्ता मारत राहायचं असतं, दिवसभर. म्हणजे सगळं त्या मुठीवरच होतं. दवाखान्याचं सर्व मॅडमनी पाहिलं, पण मूठ वळवणं त्यांच्याही हातात नव्हतं.

चाचांची मुलगी रुबिनादीदी दोंडाईच्याहून बसने आली. ती रागावेल म्हणून मी भिंतीला टेकून उभा होतो. तिने आधी वडिलांना पाहिलं, मग आम्हाला, आणि विचारलं, "टक्कर किसने मारी?"

"किसी ने नहीं," चाचा म्हणाले. "गाडीने डिपर दिया. मैं समझा आ रही है, रुकेगी नहीं. तो पीछे हटा."

मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. त्या एकदम उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. "डिपर मी स्वतः रोज मारते," त्या म्हणाल्या. "पुण्यात रोज. बाजूला व्हा, मी येतेय, म्हणून मारते. काल ट्रॅक्टरवाल्याला मारला."

मलाही अमळनेरच्या मुली आठवल्या. रिकाम्या सीटला त्या घाबरल्या नव्हत्याच. गाडी त्यांना चक्क "सरका" म्हणत होती आणि त्या सरकत होत्या. भिकनभाऊ आयुष्यभर डिपर मारत आलेले, पण आत बसून त्यांना बाहेरचे दिवे दिसत नव्हते. मॅडमनी परदेशातला अर्थ वाचला होता, तिथे म्हणे काही ठिकाणी "तुम्ही जा" म्हणून दिवे लुकलुकवतात. आम्ही सगळ्यांनी तो कागदावर वाचला आणि मान डोलावली. आमच्यातल्या एकालाही आपल्या रोजच्या रस्त्याची आठवण झाली नाही.

मॅडमनी हे सगळं चाचांना सांगितलं आणि हात जोडले. चाचांनी भिकनभाऊंकडे पाहिलं. मग म्हणाले, "उमरभर गादी बनाई, बेटी. गादी को भागते पहली बार देखा." भिकनभाऊ हसले आणि लगेच तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. रुबिनादीदी मात्र हसली नाही. तिने चाचांच्या प्लास्टरमधून डोकावणारी बोटं एकेक करून हलवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दिव्यांच्या तारा काढून टाकल्या. पांझरा नदीच्या पुलाजवळ ठरलेली फेरी रद्द होईल असं मला वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या की चूक कळल्यावर न तपासता परत जाणं बरोबर नाही. भिकनभाऊंना त्यांनी एवढंच सांगितलं, वेग आधीपासून कमी करा, माणसापासून बरंच अलीकडे थांबा, आणि तो पलीकडे जाईपर्यंत इंचभरही सरकू नका. दिवा नाही, हॉर्न नाही.

मी फुटपाथवर उभा राहिलो. एक सायकलवाला आला, गाडीचा वेग उतरलेला त्याने पाहिला आणि पायडल मारत निघून गेला. दोन बायका बोलत बोलत गेल्या, त्यांचं बोलणंसुद्धा थांबलं नाही. एक म्हातारा मधोमध थांबून चप्पल नीट करत राहिला आणि गाडी तशीच उभी राहिली. कोणी दचकलं नाही. मी लोकांना विचारायला गेलो तर बहुतेकांना ती गाडी आठवतच नव्हती. "कोनती गाडी?" असं एकाने उलट मलाच विचारलं. मॅडमच्या कामासाठी हे उत्तर चांगलं की वाईट, ते मला कळत नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून चांगलं असावं असं वाटलं. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच माझे खांदे खाली आले.

दुपारी धुळ्यात दाळगंडोरी ही तिथली तिखट डाळ खाल्ली. निघण्याआधी पुन्हा दवाखान्यात गेलो. चाचांना घरी सोडणार होते. मी रुबिनादीदीचा नंबर घेतला आणि माझा दिला.

परत जळगाव

परत आल्यावर कॉलेज सुरू झालं. मित्रांनी शिंकणाऱ्या गाडीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली. ती सांगताना मी दर वेळी बाजारापाशीच थांबायचो. मधे दीदीला फोन केला तर ती म्हणाली, अजून प्लास्टर आहे, चाचा चिडचिड करतात, घरात बसवत नाही. मग तिचा फोन बरेच दिवस बंद लागत राहिला. मॅडमही पुण्याहून विचारायच्या, "काही कळलं?" आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं. सुट्टीत गावी गेलो तेव्हा मायने ज्वारी पाखडताना विचारलं, "त्या बाबानं हातनं काय व्हयनं?" मी म्हणालो, माहीत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, पण मी निघताना तिनेच तीळतेलाची बाटली माझ्या पिशवीत घातली. हाडाला चोळायला.

परवा फोन लागला. दीदीनेच उचलला. मी नाव सांगितलं आणि चाचांशी बोलता येईल का विचारलं.

"अब्बा घर पे नहीं हैं."

मी घाईने विचारलं, "म्हणजे, दवाखान्यात?"

"कायका दवाखाना! काम पे गए. प्लास्टर निकला, डॉक्टरने बोला थोडे दिन और रुको. सुनते कहाँ हैं? चिमठाण्याला कोणाच्या पोरीचं लग्न आहे, गाद्या भरायच्यात. सुबह कमान उठाई और निकल गए."

"मूठ वळते?"

"वळते. रात को थोडा दुखता है, बोलते नहीं. पर मेरेकू समझता."

"सायकलवर गेले?"

"सायकल मैंने पड़ोस में छुपा दी. बस से गए. कंडक्टर कमान आत घेऊ देईना म्हणून त्याच्याशी भांडले, और कमान साथ लेके सीट पे बैठके गए."